लाखेचं सील मारलेला एलिमिनेटर

मला विजेची भीती वाटते. रेडिओ-टेप दुरुस्त करून आयुष्यभर पोट भरलेल्या माणसानं हे सांगू नये, पण खरं ते खरं. अजूनही प्लग लावताना मी तोंड एका बाजूला फिरवतो, डोळे बारीक करतो आणि खांदे कानापर्यंत नेतो. घरातले हसतात. बायको म्हणते, बॉम्ब लावताय की मिक्सर?

आमच्या राजापूरकडच्या वाडीत मी निघेपर्यंत वीज पोचलीच नव्हती, त्यामुळे ही भीती बसायलासुद्धा मला घर सोडावं लागलं. सातवीत गणित आणि इंग्रजी या दोघांनी मिळून मला शाळेबाहेर काढलं. मावसभाऊ हैदराबाद-नागपूर मार्गावर ट्रक चालवायचा. त्यानं आईला सांगितलं, याला कुठंतरी चिकटवतो. मग मला केबिनमध्ये घालून त्यानं इतक्या लांब आणलं की वाटेत तीन वेळा भाषा बदलली आणि दर वेळी मी आणखी थोडा गप्प झालो.

त्या मार्गावरच्या इचोडा गावात त्याच्या ट्रकातला टेप बंद पडला. रस्त्यालगतच गणपतभाऊंचं रेडिओ-टेपचं दुकान होतं. भाऊ टेप उघडून बसले आणि त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली. "इथी धर." मी धरली. हात असा कापत होता की उजेड नेमलेली जागा सोडून टेपभर नाचायला लागला. त्या नाचण्यात एका कोपऱ्यातली तुटलेली तार चमकली. भाऊंनी मावसभावाकडे पाहिलं. "याचा हात हालला म्हनून सापडली. ठेवून जा पोराले."

मला नोकरी लागली ती अशी. कापऱ्या हातावर. दुकानामागची खोली मिळाली, वहिनींच्या हातची ज्वारीची भाकर मिळाली, आणि पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप आला तेव्हा भाऊंनी मला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे नेलं. त्या घराचं मी किती देणं लागतो हे लिहायला बसलो तर एलिमिनेटर राहूनच जाईल. तेव्हा एलिमिनेटरकडे वळतो.

आज ज्याला सगळे अडाप्टर म्हणतात, त्याला आमच्याकडे तेव्हा एलिमिनेटर म्हणत. रेडिओ, टेप ही यंत्रं सेलवर चालायची, आणि सेल महाग. म्हणून भिंतीतल्या विजेचा माज उतरवून तिला सेलसारखी गरीब करणारी ही काळी डबी. डबीवर सरकवायचं एक बटण, तीनपासून बारा व्होल्टपर्यंत हवं तिथं नेता येणारं. शेजारी दुसरं छोटं बटण, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. वायरच्या टोकाला पोकळ पिन.

यंत्राबरोबर आलेली डबी जळाली की लोक दुसरी आणत, आणि पिन खोबणीत बसली की काम झालं असं धरून चालत. आमचं दुकान या समजुतीवरच चालत होतं, म्हटलं तरी चालेल.

भाऊंनी मला हे सगळं लग्नाच्या पंगतीवरून शिकवलं. "हे पाय. व्होल्ट म्हंजे वाढप्याचा आग्रह. अँपिअर म्हंजे त्याच्या बादलीतलं वरन. बादली मोठी असली तं काई बिघडत नाई, तू पोटापुरतंच खातो. बादली लहान आन् पंगत मोठी असली तं वाढप्या घामाघूम होते, डबी तापते. पन आग्रहच जास्त झाला तं?"

"पोट फुटतं."

"व्हय. म्हनून आग्रह बराबर पायजे. बादली मोठी चालते."

"आणि पिनेचं आत-बाहेर?" त्या पोकळ पिनेच्या आतल्या बाजूला अधिक येतो की बाहेरच्या, हे प्रत्येक यंत्राचं वेगळं असू शकतं. ते दुसरं छोटं बटण त्याचंच.

भाऊंनी थोडा विचार केला. "त्याले लग्नातलं उदाहरन नाई. ते उलटं झालं तं डायरेक्ट मयत."



आता आमच्या गल्लीची रीत सांगतो. एलिमिनेटर कुणी स्वतःपुरता घ्यायचाच नाही. गल्लीत एक असायचा आणि तो चाळणीसारखा या घरातून त्या घरात जायचा. आमच्या गल्लीतला एलिमिनेटर पटवारीकाकांचा. सरकारनं पटवारी हे पदच रद्द केलं होतं, पण काकांनी ते मनावर घेतलं नव्हतं. डोक्याला काळी टोपी, तोंडात दाखल-खारीज, तहकूब, बरखास्त. त्यांचा एलिमिनेटर सकाळी बातम्यांसाठी त्यांच्या रेडिओला लागायचा, दुपारी शिंपीणबाईच्या टेपला, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला. कुणाला किती व्होल्ट लागतात ते ठाऊक नसायचं, प्रत्येकजण अंदाजानं बटण सरकवायचा आणि परत करताना तसंच सोडायचा. साडेचारवर राहिला की पुढच्याच्या टेपमधली गाणारी बाई बाप्यासारखी रेकायची. ते बरं, कारण त्यात जीव तरी वाचायचा. एकदा तो बारावर राहिला आणि काकांचा रेडिओ बातम्या सांगता सांगता धुरात विरला.

त्या धुराच्या वासानं मी दोन दिवस जेवलो नाही. काका रेडिओ छातीशी धरून दुकानात आले. "ज्यानं बटन सरकवलं त्याच्यावर कार्रवाई झाली पायजे."

भाऊंनी रेडिओ वाचवला. आणि मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचते तेव्हा आजूबाजूच्यांनी सावध राहावं.

शेजारच्या सोनाराकडून मी लाखेची कांडी आणली. एलिमिनेटर नऊ व्होल्टवर केला. गल्लीतली उरलेली यंत्रं योगायोगानं नऊचीच होती आणि सगळ्यांना आत अधिक लागायचा. काकांचा रेडिओ तेवढा सहाचा होता, तो आधीच एकदा मरून आलेला असल्यामुळे सेलवर ठेवला. मग दोन्ही बटणांवर लाख वितळवून ओतली आणि ती गरम असतानाच वर एक जुनं नाणं दाबलं. लाल, गोल, छाप उठलेलं सील! आता कुणाच्या बोटाला सरकवता येणार नव्हतं.

काकांनी चष्मा वर करून ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या सगळ्या नोकरीत लाखेची मोहर म्हणजे खजिना, मतपेटी, कोर्टाचा जप्तीमाल. "आता हे रीतसर झालं," ते म्हणाले. पुढच्या काही दिवसांत साऱ्या गल्लीची समजूत झाली की हा एलिमिनेटर सरकारनं तपासून दिलेला आहे. पानवाला तो दोन्ही हातांनी घ्यायचा. मी ती समजूत मोडली नाही. सातवी नापास माणसाच्या हातून झालेल्या कामाला सरकारी म्हणतायत, हे ऐकायला गोड लागत होतं.

तो एप्रिल महिना. भीमजयंतीच्या सकाळी वाघमारे सर दुकानात आले. उटनूर-नार्नूर रस्त्याच्या एका गावात ते मास्तर. गावात त्यांना सगळे सारू म्हणत, मी सर म्हणायचो. त्यांच्या बुद्धवाड्यातली गायन पार्टी त्या साली पहिल्यांदाच हार्मोनियमऐवजी कीबोर्डावर गाणार होती. कीबोर्ड त्यांच्या साळ्याचा, नांदेडहून आणलेला. सरांनी तो दुलईत गुंडाळून आणला होता.

"याची डबी जळाली, बाप्पा. काल करंट लई खालवर झाला." सरांनी घाम पुसला. "सेल टाकतो म्हनलं, तं सेलच्या घरात आंधीचे सेल पाझरले. पत्रे खाऊन गेले. संध्याकाळी कार्यक्रम आहे. भाऊ कुठी गेले?"

भाऊ सामान आणायला नागपूरला गेले होते. उद्या येणार होते. सरांच्या चेहऱ्यावरून जे उतरलं ते मला दिसलं. आपण भाऊ नाही हे मलाही त्या क्षणी फार जाणवलं.

"साळा म्हने, जिजाजी, माया जीव आहे त्याच्यात. बायको तं कालपासून मले पानी देतानी बी त्याच्यावरच नजर ठेवून हाये. हे जळालं तं मी सासरवाडीले तोंड कसं दाखवू?"

कीबोर्डाच्या पाठीवर नऊ व्होल्ट लिहिलं होतं. मला वाचता आलं म्हणून मी खूश झालो. नऊ म्हणजे पटवारीकाकांचा, सील मारलेला, सरकारी. बादलीही पुरेशी मोठी. मी तो मागायला गेलो. काका म्हणाले, "गावाबाहेर जाते? मोहरेची चीज आहे. मशीन जाईन तं मी बी संग जाईन." सर म्हणाले, "तुमी बी चला, मेकॅनिक बी चला." आणि आम्ही जीपमध्ये बसलो. पुढे दुलईतला कीबोर्ड, त्याला धरून सर, मधे टोपी सावरत काका, मागे मी, मांडीवर व्होल्ट मोजायचा मीटर आणि कावीळ झालेल्याचा चेहरा घेऊन.

मांडव छान होता. निळ्या पताका, फुलांचा हार घातलेला फोटो, पुढे सतरंज्या. बायका पांढऱ्या साड्या नेसून जमायला लागल्या होत्या. एका घरातून वायर ओढून आणली होती आणि लाकडी पाटीवर सॉकेट आणि बटण बसवलं होतं. कीबोर्ड टेबलावर ठेवला. मी एलिमिनेटर लावला, पिन हातात घेतली, खोबणीशी नेली. अगदी मापात. पिन बसतेय हे दिसल्यावर माझ्याही जिवात जीव आला. पिन बसली की काम झालं असं धरणाऱ्या लोकांना मी हसायचो, आणि आता मी नेमकं तेच करत होतो.

सर वाकून खोबणीजवळ पाहत होते. त्यांना विजेतलं काही कळत नव्हतं आणि तसं ते स्वतःच सांगायचे. "हे चित्र कशाचं हाय हो?"

"कंपनीची खूण असते," मी म्हणालो. पुढं सरकवणार इतक्यात ते पुन्हा म्हणाले, "नाई, पोरांच्या बेरीज-वजाबाकीसारखं दिसून राह्यलं. मधात टिंब आहे, त्याले उने जोडलं. बाहेरच्या गोलाले अधिक. अधिक बाहेर काऊन काढलं असन?"

माझा हात हवेतच थांबला. आमच्या दुकानात यायचे त्या जुन्या रेडिओंच्या पाठीवर असलं चित्रच नसायचं. तिथं यंत्र उघडून पाहावं लागे. हे उघडायचं नाही, साळ्याचं आहे, म्हणून मी न पाहताच निघालो होतो. मी मीटर काढला. त्याचं एक टोक सेलच्या घरात उरलेल्या उण्याच्या पत्र्याला लावलं, दुसरं खोबणीतल्या मधल्या काडीला. काटा पार दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे दोन्ही एकच. आत उणे.

आणि आमच्या डबीत आत अधिक. लाख ओतून, नाणं दाबून कायमचा केलेला.

डायरेक्ट मयत. भाऊंचा शब्द कानात वाजला आणि मी पिन अशी मागे घेतली की शेजारी बसलेल्या म्हातारीच्या पेल्यातलं पाणी सांडलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. सील तोडायचंय. बटण उलटं करायचंय."

"मोहर तोडायची?" पटवारीकाका उभे राहिले. साऱ्या मांडवाला ऐकू गेलं. "आसं कसं? मोहर तोडाले हुकूम लागते. दोन गवाह लागते. पंचनामा लागते."

"काका, ते मीच लावलंय. सोनाराच्या लाखेनं."

"कोनं लावली त्याचा सवाल नाई. लावली नं?"

गाणारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. ढोलकीवाला म्हणाला, "सारू, हे सरकारी हाय का? मंग काऊन भानगड करता? आमी हार्मोनियमवर म्हनतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. खोटी प्रतिष्ठा किती महागात पडते ते मला तेव्हा कळलं. एक अख्खा मांडव माझ्या नाण्याच्या छापाला मान देत होता. मी सांगून टाकलं. "सरकारी नाही. या डबीला सरकार ओळखत नाही. मला घाबरून सुचलेला उद्योग आहे तो."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. काका हसले नाहीत. शेवटी सरांनीच मार्ग काढला. ते हात जोडून म्हणाले, "काका, तुमच्या देखरेखीत तोडू. गवाह तुमीच सांगा." काकांनी ढोलकीवाला आणि ती पाणी सांडलेली म्हातारी यांना पंच नेमलं. कागद नव्हता, म्हणून तोंडी. "समक्ष पंचांच्या, मोहर शाबूत असल्याची खात्री करून..." असं ते म्हणत गेले आणि मी आगकाडीनं गरम केलेल्या चाकूनं लाख खरवडत गेलो. म्हातारी तिसऱ्यांदा म्हणाली, "पायलं, पायलं, फोड आता."

लाख निघाली. बटण मात्र सरकेना. माझी लाख आत उतरून घट्ट झाली होती. जरा जोर लावला आणि बटणाची टोपी चाकूबरोबर बाहेर आली.

आता काय सांगू? समोर निळ्या पताका डोलत होत्या, सर दोन्ही हात कीबोर्डावर ठेवून उभे होते, जणू तो पळून जाईल. त्यांच्या बायकोनं विचारलं, "होते का नाई होत? नाई तं नाई म्हना." त्यात राग नव्हता. तेच जास्त लागलं. नाही म्हणालो असतो तर सगळे हार्मोनियमवर गायले असते. साळ्याचा जीव वाचला असता. मला तेच करायचं होतं, खरंच. पण पार्टीतल्या पोरी महिनाभर शाळा सुटल्यावर त्या कीबोर्डासंगं बसल्या होत्या हे जीपमध्ये सरांनी सांगितलं होतं, आणि माझी जीभ नाही म्हणेना.

मी डबी पाटीवरच्या सॉकेटातून काढली. पिनेच्या थोडी आधी वायर कापली. आतल्या दोन तारा सोलल्या आणि आलटून पालटून जोडल्या, डावीची उजवीला. बटण उलटं होत नसेल तर तारच उलटी. प्रत्येक जोडावर वेगळी चिकटपट्टी, म्हणजे एकमेकींना भिडू नयेत. हात असा कापत होता की काका म्हणाले, "याले हिव भरलं का?"

मग डबी पुन्हा पाटीवर लावून मीटर. अधिक बाहेर, उणे आत, बरोबर. पण काटा तेराच्या पुढे! नऊ कुठे आणि तेरा कुठे! आग्रहानं पोट फुटायचे व्होल्ट. क्षणभर मी सगळं गुंडाळणार होतो. मग भाऊंचं बोलणं आठवलं. या स्वस्त डब्या रिकाम्या असताना फुशारकी मारतात, थोडं ओझं टाकलं की खऱ्यावर येतात. पिशवीत ट्रकच्या स्पीडोमीटरमधला बारीक बारा व्होल्टचा दिवा होता, इचोड्यात कुणाच्याही खिशात सापडेल असा. तो जोडला. दिवा लागला आणि काटा उतरत उतरत नवाच्या थोडा वर येऊन बसला. दिव्याचा तो पिवळा मिणमिणता उजेड मी कधी विसरणार नाही.

"पुन्हा एकदा बघतो," मी म्हणालो. बघितलं. "आणखी एकदा."

"अवो मेकॅनिक," सरांची बायको म्हणाली, "मुहूर्त पाहून राह्यले का?"

दिवेलागण झाली होती. मी पाटीवरचं बटण बंद करून पिन कीबोर्डात बसवली आणि सरांना म्हणालो, मी करंट चालू करतो, वास आला की ओरडा. मग लाकडी पाटीशी उकिडवा बसलो, तोंड फिरवलं, डोळे बारीक केले, खांदे वर घेतले आणि बटण दाबलं.

वास आला नाही. एक पोरगी पुढे आली आणि तिनं एका पट्टीवर बोट ठेवलं. सूर लागला. त्यामागोमाग ढोलकी.

दुसऱ्या दिवशी भाऊ नागपूरहून आले. मी सगळं सांगितलं. टोपी तुटलेला एलिमिनेटर आणायला मी विसरलो नव्हतो, तो तिथंच ठेवला होता, कारण आता तो गल्लीतल्या सगळ्या यंत्रांचा काळ झाला होता. काकांनी तो पार्टीला देऊन टाकला. मात्र जोडावर पुन्हा लाख लावून घेतली, पंचांसमक्ष, आणि खुणेसाठी नेलपॉलिशनं सरांच्या बायकोकडून वर 'आत उणे' लिहवून घेतलं. भाऊ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सारूनं चित्र दाखवलं म्हनून वाचला."

"हो."

"आन् ऐकून ठयरला काऊन? घाईत होता नं?"

"भ्यायलो."

भाऊ वहिनींना हाक मारून म्हणाले, "याले दूध दे वो, दोन दिवसांचा उपाशी दिसते."

मी पुढे त्याच दुकानात राहिलो, त्याच भागात संसार केला. राजापूरला जाऊन येतो. सर निवृत्त झाले, त्यांच्या घरी अजून जाणं होतं. बैठकीत त्या संध्याकाळचा फोटो आहे. पांढऱ्या साड्या, ढोलकी, गाणाऱ्या पोरी, मागे काकांची काळी टोपी. कडेला एक माणूस उकिडवा बसलाय. दाढ दुखत असावी असा चेहरा, मान फिरवलेली, एक हात लाकडी पाटीवरच्या बटणावर. नवा पाहुणा आला की सर त्या माणसाकडे बोट दाखवून सांगतात, "हा आमचा इंजिनेर." पाहुणा फोटोकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि सभ्यपणे चहा पितो.

त्या संध्याकाळी कोणती गाणी झाली ते मला विचारू नका. मी एकही ऐकलं नाही. माझं सगळं ध्यान बोटात होतं, जरा वास आला की बंद करायचं म्हणून. कार्यक्रम संपेपर्यंत ते बोट तिथंच होतं, आणि बटण चालूच राहिलं.